गुळावरची आणि पायावरची

"बिघडली न्हाई ओ पाटील. घोडी कुठं बिघडत असतीय का? मानूस बिघडतंय."

"मंग निलंग्याच्या परण्यात लाथ कुनी घातली? तू घातलीस?"

"ताशावाला लई मागं चिकटून राहिला हुता."

"ताशावाला बाजूला हुता, खाजाभाई. मी तिथंच हुतो. ताशा फुटला, नवरदेव बाशिंगासकट एका अंगाला कलला, अन् त्येचा चुलता वरडतोय, पकडा, पकडा! घोडी पकडा म्हनतोय का पोरगं, ते बी कुनाला कळंना. माझ्या बालाजीचं तसं झालं तर मारुतीपर्यंत जायाच्या आधीच पाव्हनं हासून मरतील."

"हासू द्या की. लगनाला मान्सं हासायलाच येतेत."

"हे बरं हाय. पडनार माझं पोरगं अन् हासनार तू."

खाजामियाँनं मान वर केली नाही. घोडीचा पुढचा पाय त्यानं आपल्या दोन गुडघ्यांत धरला होता आणि खुरातली माती खिळ्यानं काढून राहिला होता. पाय खाली ठेवला की घोडी तो आपटायची. परत धरायचा, परत आपटायची. ग्यानोबा पाटील दारात उभा राहून तेच बघत होता.

"हे बग, आता बी आपटतीय. वाजंत्री न्हाई, गर्दी न्हाई, कुनी चिकटलं न्हाई. तरी आपटतीय."

खाजामियाँनं पाय परत गुडघ्यांत घेतला.

"आज बुधवार," पाटील म्हणाला. "लगीन पुढच्या शुक्रवारी. मंगळवारी येतो मी, डबडं घिऊन. डबडं बडवीन. उभी राहिली तर परण्या तुझ्या घोडीवर. न्हाई राहिली तर पोरांनी लातूरहून वरून उघडी गाडी बगून ठिवलीय. मला त्या गाडीचा शौक न्हाई, माझं बी लगीन तुझ्या बापाच्या घोडीवर झालंय. पर पोराचं हाडूक मोडून घ्यायचा शौक बी न्हाई मला."

एवढं बोलून पाटील गेला.

शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडमागं, पिठाच्या गिरणीच्या बोळात, पत्र्याचं एक छप्पर आणि त्याला लागून दोन खोल्या. छपरात मिसरी, खोल्यांत खाजामियाँ. मिसरी ही नुकरी घोडी, म्हणजे अंगानं पांढरी, नाकाच्या शेंड्याला गुलाबी. बारा वर्षांखाली माळेगावच्या जत्रेतून आणलेली. खाजामियाँचा बाप हेच करायचा, बापाचा बाप निजामाच्या वक्तात कुणा जागीरदाराच्या तबेल्यावर होता. लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. पंचक्रोशीत हिंदूचा परण्या असो की मुसलमानाची बरात, खाली घोडी खाजामियाँचीच. कितीक नवरदेव त्यानं हातानं उचलून वर बसवले. त्यातल्या काहींची पोरंही बसवली.

आता वय त्रेसष्ट. घरात दुसरं माणूस नाही.

बायको सालेहा हैद्राबादला. लेक नाझनीनचं पहिलं बाळंतपण, म्हणून चाळीस दिवसांसाठी गेली. चाळीसचे शंभर झाले. मग नाझनीन नोकरीला लागली, मग दुसरं पोर झालं, अनस. आता चौथं साल चालू आहे. भांडण नाही, तंटा नाही. रोज दुपारी जोहरची नमाज झाली की फोन येतो. सुरुवात ठरलेली आणि शेवटही ठरलेला.

"क्या खाए?"

"दालचावल."

"घोडी?"

"खडी है."

"बेच डालो जी उसको. किसके वास्ते बैठे उधर?"

एकदा तो गेलाही होता, आठ दिवस. चौथा मजला, काचेच्या खिडक्या, लिफ्टमधी बटण कुठलं दाबायचं ते नाझनीननं शिकवलं. जेवायला बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ताटावर हात फिरवायची गरज नाही. इथं माशीसुद्धा नाही. तो नवव्या दिवशी परत आला. कुणी काही विचारलं तर म्हणायचा, घोडीला पाणी पाजायला शेजारी कंटाळला.

घोडी विकली की इथं बसायला कारण उरत नव्हतं, हे त्याला कळत होतं आणि सालेहालाही. नांदेडकडचा भुजंग नावाचा घोड्याचा व्यापारी चार दिवसाला फोन करायचा. "म्हातारबा, माळेगावची जत्रा आली. लाथाडी घोडी घरी ठिवून लोणचं घालता का?" खाजामियाँ त्याला शिवी द्यायचा, पण फोन उचलायचा. त्या घरात फोन दोनच येत, एक सालेहाचा आणि एक ह्याचा.

घोडीचं आपटणं नवीन नव्हतं. गेल्या दिवाळीपासून थोडं थोडं होतं, यंदा वाढलं. उपाय सगळे झाले. गळ्यात तावीज बांधला. दर्ग्याचा ऊद फिरवला. बोळातल्या उमाबाईनं मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, चुलीत त्यांचा ठसका उठला नाही म्हणून तिनं नजर पक्की ठरवली. नाल बदलून बघितले. कुणी म्हणालं, मेंदीची आग होत असंल. लग्नसराईत मिसरीच्या चारी पायांना गुडघ्यापर्यंत मेंदी लावायची, ही खाजामियाँच्या बापापासूनची रीत. पांढरं अंग, लालभडक पाय. लोक त्या पायांनाच भुलायचे. मेंदी कधी आग करत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

माश्या होत्या हे तो बघत होता. घोडं आहे तिथं माशी आहे. त्यानं खतबियाणाच्या दुकानातून माशीचं औषध आणलं, गुळाच्या पाण्यात कालवलं आणि ताटलीत घालून दोरीनं वर टांगलं, घोडीचं तोंड पोचू नये असं. रोज सकाळी ताटलीत आणि ताटलीखाली मूठभर माश्या मेलेल्या. झाडूनं गोळा करून टाकायच्या, परत गूळ कालवायचा. महिनाभर हेच. माश्या मरत होत्या आणि घोडी पाय आपटतच होती.

बुधवारी पाटील गेल्यावर त्यानं ताटलीखालच्या माश्या झाडल्या. यंदाच्या हंगामात मारल्या तेवढ्या मोजल्या असत्या तर गावच्या लोकसंख्येला भारी पडल्या असत्या. मग घोडीच्या पायाशी एवढ्या कुठून येऊन राहिल्या?

गुरुवारी सकाळी त्यानं दुसरं काही केलं नाही. बादली पालथी घातली, तिच्यावर बसला आणि बघत राहिला. एकट्या माणसाकडं बाकी काही नसलं तरी दुपार मोकळी असते, आणि त्याच्याकडं तर सकाळही मोकळी होती.

तासाभरानं एक गोष्ट ध्यानात आली. ताटलीवरून उठलेली माशी घोडीच्या डोळ्यांकडं जात होती, नाकाकडं जात होती, त्याच्या स्वतःच्या ओठावर बसत होती, परत ताटलीवर. तिला कुठलंच चालत होतं. पायावरची मात्र पायावरच. गुडघ्याखाली येऊन बसायची, घोडीनं आपटलं की वीतभर उडायची आणि परत तिथंच. पोट भरलं की उडून भिंतीवर, उन्हाच्या तुकड्यात. गुळाकडं तिनं तोंडही वळवलं नाही.

त्यानं हळूच हात नेला आणि घोडीच्या पायाच्या नळीवर थापट मारली. माशी चिरडली. तळहात लाल झाला.

त्याला वाटलं मेंदी. मेंदी सुकून आठ दिवस झाले होते. त्यानं बोट चोळून बघितलं, वास घेतला. रगत होतं.

मग त्यानं ओलं फडकं घेऊन तो पाय पुसला. मेंदीच्या रंगात मिसळून गेलेले टिपके फडक्यावर उतरले, मोहरीएवढे, सुकलेले, पाचपन्नास. पांढरा पाय असता तर पहिल्याच दिवशी दिसले असते. खाजामियाँ दर आठ दिवसाला मेंदीचा हात फिरवायचा आणि घोडी कशी शोभते म्हणून लांबून बघायचा.

"या अल्ला," तो घोडीला म्हणाला, "बोलायचं तरी."

ती बोलतच होती, चारी पायांनी.

त्यानं पायावरची आणखी एक माशी धरली, न चिरडता. गुळावरची एक मेलेली उचलली. ठेवायला घरात दुसरं काही सापडेना म्हणून कोनाड्यातलं सालेहाचं पानदान काढलं. हैद्राबादला नेलं नव्हतं, लेकीला आईचं पान खाणं आवडत नाही. पितळेचं, आत वाट्या. चुन्याच्या वाटीत गुळावरची ठेवली, काताच्या वाटीत पायावरची. मग चष्मा काढून त्याची काच भिंगासारखी वर धरली आणि पानदान उन्हात घेऊन उंबऱ्यावर बसला.

लांबून दोघी सख्ख्या बहिणी. तोच राखाडी रंग, तेवढंच अंग, पाठीवर तसेच काळे पट्टे. पण जवळून बघावं तसं एकेक निघत गेलं. गुळावरचीचं तोंड खाली दुमडलेलं, मऊ, शेंड्याला बोळ्यासारखं. चाटायचं तोंड. पायावरचीच्या तोंडातून पुढं एक सुई निघालेली, काळी, ताठ, दाभणाचं पिल्लू जणू. ते दुमडत नव्हतं. गुळावरचीचं पोट कडेनं पिवळसर. पायावरचीचं रुंद, त्यावर काळे ठिपके, सारीपाटाच्या पटासारखे. पंखही हिचे जरा जास्त फाकलेले.

आणि भिंतीवर बसायची तऱ्हा. ते त्याला नंतर दिसलं, मान वर केल्यावर. छपराच्या भिंतीवर माश्याच माश्या होत्या. काहींची डोकी खाली जमिनीकडं, काहींची वर आढ्याकडं. डोकं खाली ती गुळाची, डोकं वर ती सुईवाली. तीन ठिकाणी धरून बघितलं, तिन्ही वेळा तसंच. एवढी वर्षं ही भिंत समोर होती. त्यानं कधी बघितलं नव्हतं की हिच्यावर दोन जाती बसतात.

महिनाभर त्यानं चाटणाऱ्या मारल्या होत्या. चावणाऱ्या खुशाल होत्या.

शुक्रवारी सकाळी पानदान काखेत मारून तो जनावरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीण तनुजा मॅडम, सांगलीकडच्या, वर्षभरापूर्वी आलेल्या. त्यांना वाटलं, म्हातारा पान देतोय.

"काका, मी पान खात नाही हो."

"पान न्हाई मॅडम. हे बगा."

मॅडमनी बघितलं. आधी हसल्या, मग खुर्ची पुढं ओढली.

"ह्या वेगळ्या आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी सांगतंय? बसून राहिलो, दिसलं."

"ही साधी घरमाशी. आणि ही चावरी, तबेल्यातली. ही नर असो, मादी असो, दोन्ही रक्त पितात. गुळाच्या औषधानं मरायची नाही."

"ते कळलं. मंग मरायची कशानं?"

"तिला मारत बसू नका. ती अंडी घालते ती जागा शोधा. ओला, कुजलेला चारा लागतो तिला. त्यात मूत, लीद मिसळली की झालंच. घरमाशी उकिरड्यावर कुठंही घालेल, हिला कुजकं गवतकाडच पसंत. तुमच्याकडं ओलं काही आहे?"

"न्हाई ओ. रोज लीद काढतो मी. रोज घोडी धुतो. तबेला असा ठिवलाय, तुमी जेवान करताल."

"बघा बाबा शोधून. आणि काका, जागा सापडली तरी आता उडणाऱ्या आहेत त्या दोनतीन आठवडे राहतीलच."

दोनतीन आठवडे. मंगळवारला चार दिवस होते.

घरी येऊन त्यानं छप्पर पालथं घातलं. दावण बघितली, गव्हाण बघितली, नालीत हात घातला. ओलं काही नव्हतं. खाली सोयाबीनचं भुसकट अंथरलेलं, वरून कोरडं खडखडीत, पांढरं. पूर्वी कडब्याचा चुरा अंथरत. आता ज्वारी कोण पेरतो? मळणी झाली की ग्यानोबा पाटीलच एक ट्रॉलीभर भुसकट आणून मागच्या भिंतीला ओतायचा, फुकट. नाहीतरी तो ते बांधावर जाळायचा. खाजामियाँ रोज वरून एक पाटी टाकायचा, घोडीला मऊ.

दुपारी फोन आला. दालचावल झालं, घोडी खडी आहे झालं.

"डॉक्टरनी बोली, कुछ तो भी गीला सडा है बोलके. मेरे कू तो दिखा नै," तो म्हणाला. सालेहाला माश्यांचं सांगायचं त्याच्या मनात नव्हतं, पण दोन दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं आणि बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

"गीला कायकू रैंगा?" सालेहा म्हणाली. "भूसा धूप में नै डाल रै क्या तुम? मैं तो रोज डालती थी ना. नीचे का निकालके. फजर के बाद."

आणि तिकडं एकदम चूप झालं.

तिला उमगलं होतं, आपण काय सांगून बसलो. चार वर्षं घोडी विका म्हणून सांगत आली आणि आज घोडी वाचवायची तोड तिनंच हातात दिली. सवयीनं. चुलीवरचं दूध उतू जाताना पाहुण्याचं असो की वैऱ्याचं, बाईचा हात जातोच.

"नाझनीन आ गई. रखतूं," म्हणून तिनं फोन ठेवला. त्या वेळेला नाझनीन कधी येत नसते.

खाजामियाँ तसाच उभा राहिला. सकाळी तो दाणा भिजवायचा, चहा प्यायचा, आणि ती छपरात काहीतरी झाडझूड करत असायची, एवढंच त्याला आठवत होतं. पोत्यांवर बोळात काहीतरी पसरलेलं असायचं. तो त्याला ओलांडून मशिदीत जायचा. सव्वीस वर्षं ओलांडलं, विचारलं कधी नाही. ती गेल्यावर स्वैपाक आपल्यावर आला, धुणं आपल्यावर आलं, हे त्यानं मोजलं होतं. हे एक काम मोजणीत आलंच नव्हतं.

त्यानं घोडी बाहेर बांधली, दातेरी खोरं घेतलं आणि अंथरलेल्या भुसकटात घातलं.

वरचं बोटभर कोरडं. त्याखाली गरम. हात घातला तर चुलीशेजारच्या राखेसारखं गरम. काळं, चिकट, उकळलेल्या चहापत्तीसारखं, आणि वासानं डोळ्यात पाणी. मग मागच्या भिंतीचा ढीग बघितला. रोज घोडी धुतल्याचं पाणी त्याच ढिगाखाली जात होतं. परण्याच्या आधी घोडी पांढरी दिसावी म्हणून यंदा तो दोनदोन वेळा धूत होता. जेवढी घोडी उजळत होती तेवढं खाली कुजत होतं. ढिगात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, आणि बाजरीच्या दाण्याएवढे तपकिरी कोष, पसाभर काढले तरी पसाभर उरत होते.

शुक्रवार मावळेपर्यंत, शनिवार, रविवार, सोमवार, हेच. पाटीत भरायचं, डोक्यावर घ्यायचं, बसस्टँडमागच्या पडीक जागेत नेऊन बोटभर पातळ पसरायचं. ऊन चांगलं होतं, कार्तिकातलं. पसरलं की कावळे आणि मैना उतरायच्या, कोष टिपायच्या. उमाबाई दारात उभी राहून नाकाला पदर लावायची.

"खाजाभाई, ह्ये तुमच्या घरात हुतं?"

"हाव."

"अन् मी नजर काढत बसले. मिरच्या महाग झाल्यात, ठावं हाय का?"

"पुढल्या बाजाराला आनून देतो."

"नगं. भाबींना फोनवर माझं नाव सांगा. म्हनावं उमाबाई इचारती, कवा येनार."

त्यानं मान हलवली. हे तो दरवेळी हलवायचा आणि सांगत कधी नव्हता.

रविवारी कंबर धरली. सोमवारी त्यानं नाली फोडून पाण्याची वाट बदलली, जमिनीला चुना मारला आणि घोडीच्या पायांची मेंदी जमेल तेवढी घासून काढली. जुनी लुंगी फाडून पट्ट्या केल्या, करंजीच्या तेलात बुडवून चारी पायांना गुंडाळल्या. संध्याकाळी भिंतीवरच्या, डोकं वर केलेल्या माश्या मोजल्या. गुरुवारी मोजता आल्या नव्हत्या. आता एकोणीस. घोडी गव्हाणीत मान घालून खात होती. चार महिन्यांत तिनं एका दमात गव्हाण संपवलेली त्यानं बघितली नव्हती.

एकोणीसही पुष्कळ होत्या. लाथेला एक पुरते.

मंगळवारी पाटील आला, सोबत बालाजी आणि तेलाचं रिकामं डबडं.

"हे पायाला काय गुंडाळलंय? लंगडतीय का?"

"माशीसाठी हाय, पाटील."

"सोड. माल झाकून दावतो का? शुक्रवारी नवरदेवाच्या घोडीला लुंगी नेसवून नेनार काय?"

खाजामियाँनं पट्ट्या सोडल्या. बालाजीला वर बसवला. पोरगं मोबाइल धरून बसलं, पडलो तर निदान शूटिंग तरी निघावं म्हणून.

पाटलानं डबडं बडवायला सुरुवात केली. बोळातली कुत्री पळाली. उमाबाई बाहेर आली. मिसरीनं कान मागं टाकले, नाक फेंदारलं. पाटील मागून गेला, पुढून आला, पोटाशी डबडं नेऊन बडवलं. घोडी उभी. पाटलाला घाम आला, तरी बडवतोय.

तेवढ्यात ती सुईवाली आली. मागच्या डाव्या पायावर, गुडघ्याखाली, जिथं त्यांना आवडतं तिथं. खाजामियाँला ती बसताना दिसली. मिसरीच्या कातडीवरून एक लहर गेली. पाय उचलला गेला.

वर पोरगं होतं, मागं पाटील. खाजामियाँ कुणाला काही न म्हणता खाली बसला, लाथेच्या थेट टप्प्यात, आणि थापट मारली.

पाय तसाच अधांतरी राहिला, मग हळू खाली आला. आपटला नाही, ठेवला.

खाजामियाँनं तळहात पाटलापुढं धरला. "हे घ्या. ह्येनं फोडला निलंग्याचा ताशा."

मग पानदान आलं, चष्मा आला. पाटलानं एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं.

"दोन्ही सारख्याच दिसतेत की."

"तुमचं दोन जावई बी लांबून सारखंच दिसतेत. एक येतो, गोड खातो, जातो. अन् दुसरा?"

पाटील एवढ्यानं हसला की डबडं हातातून पडलं. "धाकटा! धाकटा सुईवाला हाय बग!" वरून बालाजी म्हणाला, "अण्णा, ताईला सांगीन." पाटील म्हणाला, "तिलाच आधी ठावं हाय."

जाताना त्यानं दारात थांबून विचारलं, "हे कुजलं ते माझंच भुसकट ना?"

"भुसकट तुमचं. कुजवलं म्या."

"मंग यंदा टाकू का नगं?"

"टाका की. कोरडं टाका, गाडीभर नगं. दोन पाट्या."

शुक्रवारी परण्या निघाला. मेंदी नव्हती, म्हणून दोनचार म्हाताऱ्या बोलल्या, खाजामियाँ कंजूष झाला. डीजेनं छाती हादरत होती, पोरं घोडीपुढं लोळत नाचत होती. खाजामियाँ लगाम धरून होता, पण नजर सगळा वेळ खाली, चार पायांवर. मारुती आला, नारळ फुटला, बालाजी उतरला. कुणाच्या लक्षात राहावं असं काही झालं नाही. मांडवात त्याला बुंदी वाढली, पाटलानं फेटा बांधला. फेटा बांधलेला माणूस आणि वर माणूस नसलेली घोडी, पाटलाच्या गावाहून तीन कोस चालत परत आले. वाटेत तो तिच्याशी बोलत होता. बोळ जवळ आला तसं बोलणं थांबवलं.

त्या दिवशी दुपारचा फोन त्याला घेता आला नव्हता. घरी आल्यावर त्यानंच लावला.

"हुआ क्या?"

"हुआ."

"गिराई तो नै?"

"नै. बकरी के सरका खडी थी."

तिकडून पंख्याचा आवाज येत होता. मागं अनस रडत होता, कुणीतरी त्याला उचललं.

"मतलब तुम नै आते," सालेहा म्हणाली.

छपरात मिसरी गव्हाणीला नाक घासत होती, ते तिकडं ऐकू गेलं असणार.

"पानदान किधर है मेरा?"

"ताक पे."

कोनाड्यातल्या त्या पानदानात मधे काय ठेवलं होतं ते त्यानं सांगितलं नाही. धुतलं होतं, तीनदा.

"कपडा डालो उसपे. धूल बैठती." मग म्हणाली, "नीचे का भूसा पहले निकालो. ऊपर का बाद में. उलटा नक्को करो." आणि फोन ठेवला.

शनिवारी पहाटेची फजर झाली, बोळात उन्हं आली. चहा अजून चुलीवर होता. खाजामियाँनं घोडी बाहेर खुंट्याला बांधली, पोती झटकून बोळात अंथरली आणि छपरात शिरला. कोपऱ्यातून सुरुवात केली. खालचं आधी. पाटी भरली, डोक्यावर घेतली, बाहेर येऊन उन्हात ओतली आणि हातानं पातळ पसरली. भिंतीवर तीन बसल्या होत्या, दोघींची डोकी खाली, एकीचं वर. त्यानं पायातली चप्पल काढली, डोकं वर असलेली नेमकी मारली, चप्पल पायात घातली आणि दुसरी पाटी आणायला आत गेला.